नदी मुक्त झाली. व्यवस्था कोठे आहे?

सन १८९७ च्या फेब्रुवारी महिन्यात हिंदुस्थान सरकारने लागोपाठ दोन कायदे संमत केले. त्यांतील क्रमांक ३ चा कायदा साथीच्या रोगांचा. त्याच्या आधारे पुण्यात काय झाले आणि चापेकर बंधूंनी त्याला काय उत्तर दिले, हे महाराष्ट्रातील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्याच्या मागोमागचा क्रमांक ४ चा कायदा मात्र कोणाच्या स्मरणात नाही. तो मत्स्यव्यवसायाचा. देशातील नद्यांतल्या माशांसंबंधीचे आपले बहुतेक कायदे आजही त्याच्याच साच्यातून निघालेले आहेत, आणि त्या साच्यातले दोषही त्यांच्यात उतरले आहेत.

कायदा लहान आहे. सुरुंगाच्या दारूने मासे मारू नयेत आणि पाण्यात विष कालवू नये, हे त्याचे दोन मुख्य आदेश. सुरुंगाबद्दल मूळ शिक्षा दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड. याखेरीज जाळ्याचा आस किती असावा, नदीत कायमचे बांध व सापळे रोवता यावेत की नाही, एखाद्या पाण्यात काही काळ मासेमारी बंद ठेवावी काय, यासंबंधी नियम करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांकडे दिला गेला. मात्र येथेच एक बारीकशी तरतूद आहे. खाजगी पाण्यात हे नियम लावायचे तर मालकाची आणि ज्याच्याकडे तेथील मासेमारीचा खास हक्क असेल त्याची लेखी संमती हवी. माशाचे रक्षण महत्त्वाचे खरे, पण मालकीचे रक्षण त्याहून महत्त्वाचे, असा याचा सरळ अर्थ. आणि जो माणूस पहाटे नाव लोटतो, जाळे टाकतो, त्याचे या पाण्याशी काही नाते आहे, त्याला काही हक्क आहे, असे हा कायदा कोठेही मानीत नाही. त्याच्या लेखी तो माणूस केवळ संभाव्य गुन्हेगार आहे.

ही मालकी म्हणजे काय प्रकार होता, हे पाहायचे तर बिहारमधील भागलपूर जिल्ह्यात जावे लागते. सुलतानगंजपासून पीरपैंतीपर्यंत सुमारे ८० किलोमीटर लांबीचा गंगेचा प्रवाह दोन जमीनदारांच्या मालकीचा होता. वाळवंटाचा किंवा काठाचा नव्हे, वाहत्या पाण्याचा. मोगल काळापासून चालत आलेला आपला हक्क म्हणून ते तो सांगत. बिहारात १९५० साली जमीनसुधारणेचा कायदा झाला, जमिनीवरची जमीनदारी कागदोपत्री तरी संपली. पण ही ‘पानीदारी’ देवस्थानाच्या नावाचा आणि न्यायालयीन वादांचा आडोसा घेऊन पुढे चालतच राहिली. पानीदार स्वतः नदीवर येत नसे. त्याचा ठेकेदार येई, ठेकेदाराचे लठैत येत, आणि मल्लाह, निषाद, केवट यांनी पकडलेल्या माशांतून कर वसूल होई. जाळे वेगळे तर कर वेगळा, नाव मोठी तर कर मोठा.

१९८२ च्या फेब्रुवारीत कहलगावच्या कागजी टोला या मच्छीमार वस्तीतून या अन्यायाविरुद्ध गंगा मुक्ती आंदोलन उभे राहिले. जयप्रकाशजींनी स्थापन केलेल्या छात्र युवा संघर्ष वाहिनीत घडलेले तरुण कार्यकर्ते त्याच्या मागे होते. कर न देण्याची शपथ, नौकांच्या यात्रा, धरणी, तुरुंगवास हे मार्ग या पक्षाच्या वाचकांना नवे नाहीत. विशेष नोंदावयाची गोष्ट अशी की त्या वस्त्यांतील स्त्रिया केवळ मोर्चाला संख्या म्हणून आल्या नाहीत; दारूविरुद्धचा झगडा त्यांनीच आंदोलनाच्या अंगात मुरवला. हाती शस्त्र न घेता नऊ वर्षे हा लढा चालला आणि १९९१ साली बिहार सरकारने गंगेवरील पानीदारी रद्द केली. पारंपरिक मच्छीमारांना नदीत करमुक्त मासेमारीचा अधिकार दिला. स्वतंत्र भारतात वाहत्या पाण्यावरील खाजगी मालकी लोकांनी लढून मोडल्याचे इतके ठळक उदाहरण दुसरे सापडणे कठीण आहे.

आपल्याकडील लिखाणात हकीकत साधारणतः येथे संपते. खरा प्रश्न येथून सुरू होतो.

पानीदार गेला, ठेकेदार गेला. त्यांच्या जागी काय आले? कायद्याच्या भाषेत उत्तर असे की सर्व पारंपरिक मच्छीमार आले. व्यवहारात उत्तर असे की जागा रिकामी राहिली, आणि ग्रामीण बिहारात रिकामी राहिलेली जागा ज्याच्या हाती बंदूक असेल तो व्यापतो. दियाऱ्यातील दांडगे लोक नदीचे उथळ भाग बांबूंनी व मच्छरदाणीसारख्या बारीक जाळ्यांनी घेरू लागले. अशा घेऱ्यात बोटभर मासाही सुटत नाही. विष टाकणारे आले. ज्यांचा मासेमारी हा कधी व्यवसाय नव्हता तेही ‘नदी तर सर्वांची’ म्हणून आले. मच्छीमाराला ओळखपत्र देण्याची भाषा झाली. पण पारंपरिक मच्छीमार कोण, हे ठरवणारी, आणि ठरवल्यावर इतरांना रोखणारी यंत्रणा उभी राहिली नाही. त्याच १९९१ साली सुलतानगंज ते कहलगाव हा पट्टा डॉल्फिनचे अभयारण्य म्हणून घोषित झाला. गंगेतील डॉल्फिन वाचलाच पाहिजे, याविषयी दुमत नाही. परंतु ज्या मल्लाहाने कालपर्यंत ठेकेदाराला तोंड दिले, त्याला आज वनखात्याच्या शिपायाला तोंड द्यावे लागू लागले. मालक बदलला आणि वसुलीचे निमित्त तेवढे बदलले, असे एखाद्या वृद्ध मच्छीमाराने म्हटले तर त्याला खोटे पाडणे सोपे नाही.

यातून आंदोलन चुकले, असा निष्कर्ष काढणारे काढतील. त्यांच्यासाठी अर्थशास्त्राने एक सिद्धान्तही तयार ठेवला आहे. १९५४ साली स्कॉट गॉर्डन या कॅनेडियन अर्थशास्त्रज्ञाने मत्स्यव्यवसायावरील आपल्या निबंधात दाखवले की जेथे प्रवेश सर्वांना मोकळा असतो तेथे पाण्यातून मिळणारा सगळा अधिलाभ स्पर्धेत विरून जातो आणि मच्छीमार गरीबच राहतो. १९६८ साली गॅरेट हार्डिनने हाच विचार गायरानाच्या दृष्टान्तातून मांडला. सामाईक ते सर्व नाश पावणार, म्हणून एकतर त्याची खाजगी मालकी करा किंवा ते सरकारच्या हाती द्या, असा त्याचा सूर होता. सरकारी कचेऱ्यांत आणि विद्यापीठांच्या वर्गांत हा दृष्टान्त अतिशय लोकप्रिय झाला. त्यातील घोटाळा मात्र पुष्कळ दिवस नजरेआड राहिला. हार्डिनने ‘कोणाचेच नसलेले’ आणि ‘सर्वांचे मिळून असलेले’ यांत फरकच केला नव्हता. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात जगभरची कुरणे, कालवे, मासेमारीची पाणी यांची उदाहरणे तपासून दाखवले की लोक आपसांत नियम करतात, ते मोडणाऱ्याला दंड करतात आणि पिढ्यान्‌पिढ्या साधनसंपत्ती टिकवतात. अट एवढीच की सभासद कोण हे ठरलेले असावे आणि त्यांच्या नियमांना सरकारने पायदळी तुडवू नये. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, तेव्हा आपल्या वृत्तपत्रांनी हे पारितोषिक मिळवणारी पहिली स्त्री म्हणून बातमी छापली. त्यांच्या प्रतिपादनाचा आपल्या तळ्यांशी आणि नद्यांशी काय संबंध, हे फारसे कोणी विचारले नाही.

कहलगावात पानीदारीचे उच्चाटन झाले ते योग्यच झाले. उणीव पुढच्या पायरीची आहे. खाजगी मालकी मोडल्यावर सामाईक मालकी आपोआप निर्माण होत नाही. ती घडवावी लागते, आणि ती घडेपर्यंतच्या काळात उरते ते बेवारसपण. जमिनीच्या बाबतीत समाजवादी चळवळीला हे चांगले माहीत होते. कूळकायद्याबरोबर पतपेढी लागते, नोंदणी लागते, ताबा टिकवण्यासाठी संघटना लागते, हे आपण शिकलो. पाण्याच्या बाबतीत तो धडा आपण गिरवला नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मच्छीमारांच्या संघटनेने कितीही शिस्त पाळली तरी नदीत मासा असणे हे तिच्या एकटीच्या हातात नाही. १९७५ साली फराक्काचे धरण कार्यान्वित झाले. समुद्रातून अंडी घालण्यासाठी गंगेत चढणारा हिलसा त्यापूर्वी अलाहाबादपर्यंत आणि त्याच्याही वर मिळत असे. बिहारच्या मच्छीमारांच्या उत्पन्नाचा तो मोठा आधार होता. धरणाने त्याची वाट अडली आणि बिहार व उत्तर प्रदेशातील हिलशाची मासेमारी जवळजवळ संपली. या मच्छीमारांना कोणी विस्थापित म्हटले नाही, कारण त्यांची घरे बुडाली नव्हती. नुकसानभरपाईच्या आपल्या सगळ्या कल्पना जमिनीच्या सात-बाऱ्यावर उभ्या आहेत. ज्याचे शेत नदीत असते त्याच्यासाठी तेथे रकाना नाही.

पाणी अडवणारे खाते एक, सोडणारे तेच, सांडपाणी सोडणाऱ्या नगरपालिका दुसऱ्या, वाळू उपसणाऱ्याला परवाना देणारे महसूल खाते तिसरे आणि माशांचे खाते चौथे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत मत्स्यव्यवसाय हा राज्यांचा विषय आहे, पाणीही राज्यांचे आहे; आंतरराज्य नद्यांचे नियमन मात्र केंद्राकडे. माशाला या याद्यांचे ज्ञान नाही. २०१८ च्या ऑक्टोबरात केंद्राने गंगेसाठी किमान प्रवाहाची अधिसूचना काढली; उगमाकडील भागात कोरड्या महिन्यांत सरासरीच्या २० टक्के, पावसाळ्यात ३० टक्के पाणी वाहते ठेवावे असे तीत म्हटले आहे. हे प्रमाण पुरेसे की अपुरे, हा वाद होऊ शकतो. पण नदीला तिच्याच पाण्यातला काही हिस्सा कायद्याने ठरवून देण्याचे तत्त्व त्यात मान्य झाले, याचे महत्त्व कमी नाही. मात्र हे आकडे उन्नावपर्यंतच आहेत. जेथे मच्छीमारांनी नऊ वर्षे लढा दिला तो भागलपूरचा प्रवाह त्यांत येतच नाही. आणि गोदावरी, भीमा, कृष्णा, वैनगंगा यांच्या वाट्याला तर असे आकडेही आलेले नाहीत.

महाराष्ट्रात प्रश्नाचे रूप निराळे आहे. आपल्या नद्या बारमाही नाहीत, आणि ज्या थोड्याफार होत्या त्या धरणांनी जलाशयांच्या माळा करून टाकल्या. तरीही मृगाच्या पहिल्या पुरात मासा उलट्या प्रवाहाने चढतो. कोकणात याला वलगण म्हणतात. चढणीचे मासे म्हणूनही लोक ते ओळखतात. गाभोळीने फुगलेली मादी ओढ्यातून, शेताच्या बांधावरून वर जाऊ पाहते, आणि त्याच वेळी ती सर्वांत सहज हाती लागते. लोकांना याची जाण नव्हती असे नाही. महाडजवळच्या वाळणकोंडीत देवीचे मासे म्हणून महाशीर पिढ्यान्‌पिढ्या सुरक्षित राहिला आहे. देवाचे नाव घेऊन का होईना, नदीचा एक डोह राखीव ठेवण्याची रीत तेथे लोकांनी घालून घेतली. हे नियमन अंधश्रद्धा म्हणून हसण्यावारी नेणाऱ्यांनी शासनाने नियमाने राखलेला असा एखादा डोह दाखवावा.

१९६० च्या महाराष्ट्र मत्स्यव्यवसाय अधिनियमाने जुन्या साच्याला फारसा धक्का लावला नाही. सहकारी संस्थांना तलाव व जलाशय ठेक्याने देण्याची पद्धत राज्यात रुजली, ही मोठी जमेची बाजू. विदर्भातील ढीवर समाजाच्या संस्था, भीमाकाठच्या भोई समाजाच्या संस्था यांमागे खरा कष्टकरी माणूस आहे. तथापि अनेक संस्थांत सभासद मच्छीमार आणि सूत्रधार व्यापारी, अशी स्थिती आहे, हे कार्यकर्त्यांनी तरी लपवू नये. व्यापारी जाळ्यासाठी, नावेसाठी उचल देतो. त्या उचलीच्या बदल्यात मासा त्यालाच आणि त्याच्याच भावाने घालावा लागतो. ठेक्याची रक्कमही पुष्कळदा तोच भरतो. मग संस्थेचा ठराव कोणत्या हिताने होणार? बाजारात बसून मासा विकणारी बाई तर बहुतेक ठिकाणी संस्थेची सभासदच नसते. मच्छीमार म्हणजे पाण्यात उतरणारा पुरुष, ही व्याख्या सहकार खात्याने आणि समाजानेही मुकाट्याने मान्य केलेली आहे.

उजनीचे उदाहरण घ्यावे. भीमेवरील हा प्रचंड जलाशय पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या खाली आहे, म्हणजे त्या शहरांचे सांडपाणी पुढे त्याच्यातच येते. तेथे आज बोलबाला आहे तो चिलापीचा. नदीच्या मूळच्या माशांना तिने मागे सारले. बारीक आसाच्या जाळ्यांनी बोटुकली सरसकट ओढली जाते, आणि त्याविरुद्ध तक्रार करणारे स्वतः मच्छीमारच असतात. पकडले जाते ते मजूर मच्छीमाराचे जाळे. ते जाळे पुरवणारा आणि बोटुकली विकत घेणारा काठावर उभा असतो. सुरुंग किंवा विष वापरणारा गुन्हेगार आणि कर्जापायी बारीक जाळे टाकणारा माणूस यांना एकाच तराजूत तोलणारा कायदा कोणाचाच धाक निर्माण करीत नाही.

आता मासेमारीबंदीचा विषय. पावसाळ्यात प्रजननाच्या काळी जाळे बंद राहिले पाहिजे, हे निर्विवाद. पण दोन महिने चूल कशावर पेटायची? केंद्र सरकारच्या योजनेत मच्छीमाराने वर्षभरात १,५०० रुपये भरायचे, सरकार ३,००० घालणार, आणि ही ४,५०० रुपयांची पुंजी त्याला तीन महिन्यांच्या तंगीत परत मिळणार. म्हणजे महिन्याला दीड हजार, त्यातले पाचशे त्याचेच. ही मदत म्हणावी की थट्टा? शेजारच्या बांगलादेशाने हिलशाच्या बाबतीत याहून नेटका प्रयत्न केला. जाटका म्हणजे हिलशाचे पिल्लू पकडण्यास बंदी, अंडी घालण्याच्या दिवसांत ऑक्टोबरमध्ये २२ दिवस संपूर्ण बंदी, आणि जाटकाबंदीच्या चार महिन्यांत नोंदलेल्या कुटुंबाला दरमहा ४० किलो तांदूळ. तेथील हिलशाचे उत्पादन २००२-०३ साली सुमारे २ लाख टन होते, ते २०१७-१८ पर्यंत ५ लाख टनांच्या वर गेले. तांदूळ उशिरा मिळतो, सर्वांना मिळत नाही, कर्जदाराचा तगादा तांदळाने थांबत नाही, अशा तक्रारी तेथेही आहेत. आणि वाढीचे सारे श्रेय बंदीला देणे हेही शास्त्रशुद्ध होणार नाही. पण बंदी आणि अन्न यांची सांगड घालावी लागते, हे त्या सरकारला समजले. ज्या राज्याने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला, त्या राज्यात बंदीच्या काळातील मच्छीमाराला मजुरीच्या दराने निर्वाहभत्ता द्यावा, ही मागणी अवास्तव कशी ठरते? तो नदीचे रक्षण करीत घरी बसलेला असतो. तेही कामच आहे.

लोकांच्या हाती व्यवस्था दिली तर काय घडते, याचा एक पुरावा आपल्याजवळच, नर्मदेच्या तवा या उपनदीवर आहे. तवा धरणाने ४४ गावे उठवली. त्यांतले आदिवासी ज्या जलाशयाकाठी येऊन राहिले त्यात मासेमारीचा हक्क आधी सरकारी महामंडळाकडे आणि मग खाजगी ठेकेदाराकडे होता. विस्थापित आपल्याच बुडालेल्या शेतावर चोर ठरत होते. समाजवादी कार्यकर्त्यांच्या साथीने केसला परिसरात झालेल्या संघर्षानंतर १९९६ साली विस्थापितांच्या सहकारी संघाला पाच वर्षांचा ठेका मिळाला. संघाने मत्स्यबीज सोडले, पावसाळी बंदी स्वतः पाळली व पाळायला लावली, सरकारला रॉयल्टी दिली, मच्छीमारांना बोनस दिला. थोड्याच वर्षांत उत्पादन ३०० टनांपलीकडे गेले. महामंडळाच्या काळी ते याच्या जवळपासही नव्हते. जे लोक ‘अडाणी आदिवासी काय व्यवस्थापन करणार’ म्हणत होते त्यांची तोंडे आकड्यांनी बंद झाली. आणि तरीही २००६ च्या अखेरीस ठेक्याची मुदत संपली तेव्हा त्याचे नूतनीकरण झाले नाही. परिसर व्याघ्र प्रकल्पात येतो, वन्यजीवविषयक कायदा आडवा येतो, असे कारण. संघ नालायक ठरला म्हणून तो मोडला गेला नाही. त्याचा हक्क ठेक्याच्या कागदापुरताच होता, म्हणून तो मोडता आला.

भागलपूर व तवा एकत्र वाचले पाहिजेत ते यासाठी. एका ठिकाणी हक्क मिळाला, संस्था नव्हती. दुसऱ्या ठिकाणी संस्था होती, टिकाऊ हक्क नव्हता. विशेष म्हणजे ज्या डिसेंबर २००६ मध्ये तव्याचा ठेका संपला, त्याच महिन्यात संसदेने वनहक्क कायदा संमत केला. त्याच्या तिसऱ्या कलमात मासे व पाण्यातील इतर उत्पादनांवरचा सामूहिक हक्क नावानिशी मान्य केला आहे. मेंढा (लेखा) या गडचिरोलीतील गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवला आणि पुढे बांबूसाठी जो झगडा दिला तो देशभर गाजला. बांबूसाठी वापरलेले शस्त्र माशासाठी मात्र फारच थोड्या ग्रामसभांनी उचलले. आदिवासी नसलेल्या ढीवरांना त्यासाठी ७५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो, ही अडचण खरी आहे. पण जुने ठेकापत्र, मालगुजारी तलावाची नोंद, वृद्धांची साक्ष गोळा करण्याचे काम कार्यकर्त्यांनीच करायचे असते. अनुसूचित क्षेत्रात १९९६ च्या पेसा कायद्याने लहान जलाशयांचे व्यवस्थापन पंचायतींकडे सोपवण्यास सांगितले, आणि राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत मत्स्यव्यवसाय पाचव्या क्रमांकावर आहे. आधार पुष्कळ आहेत. पण नदीचा अमुक पल्ला, अमुक गावांच्या प्रत्यक्ष मासेमारी व मासेविक्री करणाऱ्या स्त्री-पुरुषांच्या संघाकडे, किमान वीस वर्षांसाठी, वारसाने चालणारा पण विकता न येणारा हक्क म्हणून सोपवला आहे, असे म्हणणारा कायदा अजून कोणत्याही पक्षाने मागितलेला नाही. वर्षाच्या ठेकेदाराला पुढच्या वर्षीच्या माशाशी कर्तव्य नसते. वीस वर्षांच्या हक्कदाराला असते. यात कसली भावुकता नाही, साधा हिशेब आहे.

सरकारचे लक्ष दुसरीकडे आहे. २०२२-२३ साली देशाचे मत्स्योत्पादन १७५ लाख टनांवर गेले, त्यातले १३१ लाख टन गोड्या पाण्यातले, असे अभिमानाने सांगितले जाते. त्यातला बहुतेक मासा तळ्यांत पोसलेला आहे. नदीत जाळे टाकून किती मिळाला आणि तो किती कुटुंबांत वाटला गेला, हे या बेरजेत बुडून जाते. २०२० सालच्या मत्स्य संपदा योजनेची २०,०५० कोटींची आकडेवारी, जलाशयांतील पिंजरे, शीतगृहे ही सर्व भांडवल घालू शकणाऱ्याची वाट आहे. पिंजरा ज्याचा, त्याचे पाणी हळूहळू होत जाते. कहलगावच्या पानीदारीची सुरुवातही केव्हातरी एका कागदानेच झाली असेल.

महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांना या वर्षीच हाती घेता येईल असे एक लहान काम आहे. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बरगे पावसाळ्यापूर्वी काढावेत असा पाटबंधारे खात्याचा शिरस्ता आहे. तो पुराच्या भीतीने घातला गेला, माशांसाठी नव्हे. पण पहिल्या पुराआधी बरगे निघाले तर चढणीच्या माशाला वाट मिळते, आणि ते मुद्दाम रेंगाळत ठेवले तर बंधाऱ्याखाली साचलेली सारी वीण एका रात्रीत जाळ्यात जाते. आपल्या तालुक्यात कोणत्या बंधाऱ्याचे बरगे कोणत्या तारखेला निघाले, त्या रात्री खाली जाळी कोणाची होती आणि मासा कोणत्या व्यापाऱ्याच्या टेम्पोत गेला, याची नोंद मच्छीमार संस्थांच्या मदतीने मे-जूनमध्ये ठेवता येईल.